टिपणी कोण वाचणार? दोन भाषांच्या कारभारातली सचोटी आणि कागदपत्रं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हे सरकारी प्रशिक्षणवर्गातलं काहीतरी दिसतंय. सचोटी, भाषा आणि अभिलेख. प्रशिक्षणात हे तीन वेगवेगळे तास असतात. सचोटी येते वर्तणूक नियमांच्या तासाला. भाषा येते राजभाषेच्या परिपत्रकात. आणि अभिलेख म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती तळमजल्यावरची धुळीची रेकॉर्ड रूम.

माझं म्हणणं असं की ही तिन्ही एकाच कागदावर भेटतात. तो कागद म्हणजे फाइलमधली टिपणी. सरकारी निर्णय प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायची एक साधी कसोटी मी तुमच्यापुढे ठेवतो. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार आहे त्या माणसाला, आज किंवा वीस वर्षांनी, कोणी ठरवलं, काय ठरवलं आणि का ठरवलं हे त्याला समजेल अशा भाषेत वाचता आलं पाहिजे. कोणी आणि का हे लिहिलं नसेल तर सचोटीचा प्रश्न आला. समजेल असं लिहिलं नसेल तर भाषेचा आला. आणि वीस वर्षांनी कागदच सापडला नाही तर अभिलेखाचा आला. माणसाच्या दृष्टीनं तिन्हींचा परिणाम एकच, त्याला उत्तर मिळत नाही.

आपला महाराष्ट्राचा कारभार कायद्यानं मराठी आहे, पण व्यवहारात तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चालतो. म्हणून ही कसोटी इथे जरा जास्तच अवघड होते. ती कुठे कुठे निसटते ते बघू.

नस्तीचे दोन भाग

आधी फाइल म्हणजे काय ते बघू. सरकारी मराठीत तिला नस्ती म्हणतात. नस्तीचे दोन भाग असतात, टिपणी विभाग आणि पत्रव्यवहार विभाग. थोडक्यात टि.वि. आणि प.वि. प.वि.मध्ये आलेले अर्ज, पत्रं, अहवाल आणि बाहेर गेलेल्या पत्रांच्या स्थळप्रती असतात. टि.वि.मध्ये सरकारचा विचार असतो. खालचा कर्मचारी प्रकरण मांडतो, नियम काय सांगतो ते लिहितो, पर्याय देतो. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी ती वर चढत जाते. प्रत्येक जण सही करतो, तारीख टाकतो, पटलं नाही तर तसं लिहितो.

आता शासन निर्णय निघतो तेव्हा त्याच्या शेवटी काय असतं? 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो, म्हणून हे शब्द. पण याचा अर्थ असा की बाहेर आलेल्या आदेशावरून प्रत्यक्ष विचार कोणी केला हे कळत नाही. ते फक्त टिपणीत कळतं. आदेश हा सरकारचा चेहरा असेल तर टिपणी ही त्याची स्मरणशक्ती आहे.

म्हणून टिपणीचे काही जुने दंडक आहेत. पानांना क्रमांक, परिच्छेदांना क्रमांक, सही, तारीख. मत बदललं तर खाली नवी टिपणी लिहायची, जुनं पान काढून तिथे दुसरं लावायचं नाही. ई-ऑफिसमध्येही हाच विचार आहे. तिथे पिवळी टिपणी म्हणजे मसुदा, तो बदलता येतो. ती पक्की केली की हिरवी होते आणि पुढे पाठवल्यावर मग कोणालाच बदलता येत नाही. हिरवा रंग म्हणजे 'आता हे माझं म्हणणं, ते मी परत घेऊ शकत नाही'.

अंधेरीचं सिनेमागृह

शब्दांवर किती काही अवलंबून असतं याचं एक मुंबईचं उदाहरण सांगतो. प्रकरण आहे 'पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोरधनदास भानजी'. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५१ चा.

अंधेरीला एक सिनेमागृह बांधायचं होतं. परवानगी देण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. १९४७ मध्ये त्यांनी परवानगी दिली. त्याच वर्षी काही महिन्यांत अर्जदाराला दुसरं पत्र आलं. त्याचा आशय असा होता, की परवानगी रद्द करण्यात येत असल्याचं आपणांस कळवण्याचे शासनाचे मला निदेश आहेत.

प्रकरण कोर्टात गेलं. तिथे आयुक्तांच्या बाजूनं सांगण्यात आलं की निर्णय त्यांनी स्वतःच घेतला होता. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की सरकारी आदेशाचा अर्थ आदेशातल्या शब्दांवरून लावायचा. अधिकाऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं याचं नंतर दिलेलं स्पष्टीकरण चालणार नाही. पत्रात लिहिलंय की शासनानं निदेश दिले. म्हणजे निर्णय शासनाचा झाला. आणि कायद्यानं अधिकार तर आयुक्तांना दिला होता. मग तो निर्णय टिकणार कसा?

पुढे १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल यांच्या प्रकरणात न्यायालयानं हेच सूत्र पुढे नेलं. आदेशात जी कारणं लिहिली आहेत त्यांवरच आदेश उभा राहील किंवा पडेल. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून त्याला टेकू देता येणार नाही.

यातून प्रत्येक लिपिकानं घ्यावा असा धडा आहे. 'मला कळवण्याचे निदेश आहेत की' हे आपण सवयीनं लिहितो. पण त्या वाक्यात 'निर्णय कोणाचा' या प्रश्नाचं उत्तर दडलेलं असतं. अधिकार आपला असेल तर निर्णय आपण घ्यायचा आणि तसं लिहायचं.

'नियमानुसार कार्यवाही करावी'

आता आपल्या कार्यालयीन मराठीची एक खोड बघा. 'करण्यात यावे', 'कळविण्यात येत आहे', 'मान्यता देण्यात येत आहे'. व्याकरणात हा कर्मणी प्रयोगाचा प्रकार. त्यात कर्ता सांगावा लागत नाही. इंग्रजी कार्यालयीन भाषेतही हीच सवय आहे, आणि आपण ती मोठ्या प्रेमानं मराठीत रुजवली.

कर्ता नसलेलं वाक्य सभ्य वाटतं, पण जबाबदारी कुणाचीच राहत नाही. 'अर्ज फेटाळण्यात आला आहे.' कोणी फेटाळला? 'प्रकरण तपासून पाहण्यात आले.' कोणी तपासलं, कोणत्या तारखेला, काय बघितलं?

याहून बिलंदर वाक्य म्हणजे 'नियमानुसार कार्यवाही करावी'. समजा, एका खातेदाराच्या अर्जावर वरिष्ठांनी एवढंच लिहून खाली पाठवलं. आता खालच्या माणसानं मंजूर केलं आणि गडबड निघाली, तर वरिष्ठ म्हणणार, मी नियमानुसार म्हटलं होतं. नामंजूर केलं आणि तक्रार झाली, तरी तेच. नियमानुसार तर सगळंच करायचं असतं. मग त्या शेऱ्यानं सांगितलं काय? शेरा म्हणजे निर्णय हवा. 'मान्य', 'अमान्य, कारण अमुक', 'अमुक कागद मागवा, अमुक तारखेला पुन्हा सादर करा'. 'पाहिले' हा शेरा मान्यता असते की नुसती नजर, हे सहा महिन्यांनी कोणीच सांगू शकत नाही.

कायद्यालाही हे अपेक्षित आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्यात सेवा नाकारायची असेल तर लेखी कारण द्यावं लागतं, कारण पुढचं अपील त्या कारणावरच होणार असतं. कारणच नसेल तर नागरिकानं अपिलात भांडायचं कशाशी?

तोंडी आदेश

सचोटीची सगळ्यात मोठी परीक्षा कागदावर न आलेल्या शब्दांची असते. 'साहेबांनी सांगितलंय, करून टाका.' फोनवर, व्हरांड्यात, आता व्हॉट्सअ‍ॅपवर.

अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत याची स्पष्ट तरतूद आहे. वरिष्ठांचा आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावा. तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठांनी लगेच लेखी दुजोरा द्यावा. आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला त्यानंही शक्य तितक्या लवकर तो दुजोरा मागून घ्यावा. म्हणजे मागणं हा उद्धटपणा ठरत नाही, ते नियमानं सांगितलेलं कर्तव्य आहे.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं हाच मुद्दा अधोरेखित केला. तोंडी सूचनांवर कारभार चालला तर माहितीच्या अधिकाराला अर्थच उरणार नाही, कारण नागरिक मागणार ती माहिती कागदावर नसेलच.

मराठी आणि इंग्रजी यांच्यातली फट

आता भाषेकडे येऊ. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानं मराठीला राज्याची राजभाषा केलं. काही कामं इंग्रजीसाठी राखून ठेवली, त्यांना 'वर्जित प्रयोजने' म्हणतात. केंद्राशी आणि इतर राज्यांशी होणारा पत्रव्यवहार हे त्याचं सहज समजणारं उदाहरण. त्यात घटनेचा अनुच्छेद ३४८ आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. राज्यानं कायदा मराठीत केला तरी राजपत्रातला इंग्रजी अनुवाद हा अधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो. खालच्या न्यायालयांत मात्र १९९८ पासून मराठीला स्थान आहे.

म्हणजे एकच प्रकरण अर्जापासून निकालापर्यंत दोन-तीनदा भाषा बदलतं. शेतकऱ्याचा अर्ज मराठीत. तलाठ्याचा अहवाल मराठीत. वरच्या पातळीवर एखाद्या अधिकाऱ्याचा शेरा इंग्रजीत. आदेश पुन्हा मराठीत. आणि उच्च न्यायालयात सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. प्रत्येक वळणावर काहीतरी सांडतं.

एक उदाहरण घ्या. समजा इंग्रजी शेऱ्याचा अर्थ होता 'देता येईल', म्हणजे अधिकाऱ्याला विचार करायला वाव आहे. मराठी आदेशात झालं 'देण्यात यावे'. आता वाव संपला, बंधन आलं. एक क्रियापद बदललं आणि कुणाला तरी हक्क मिळाला, किंवा कुणाचा तरी गेला. हे कोणी मुद्दाम केलं की घाईत झालं, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून भाषांतरातली ढिलाई ही सचोटीचीच बाब आहे.

दुसरं, 'यथास्थिति'. कायद्याच्या मराठीत 'तहसीलदार किंवा, यथास्थिति, उपविभागीय अधिकारी' असं येतं. अर्थ एवढाच, की त्या त्या प्रकरणात जो असेल तो. पण साध्या वाचकाला वाटतं, स्थिती आहे तशी ठेवा. त्यासाठी आपल्याकडे 'जैसे थे' हा शब्द आहे. आदेश घरी नेणाऱ्या माणसानं उलटा अर्थ लावला तर दोष त्याचा मानायचा का?

तिसरं, नावं. रोमन लिपीत 'ळ' नाही. के, ए, एल, ई अशी चार अक्षरं लिहिली की ती 'काळे' वाचायची, 'काले' वाचायची की 'कळे'? मराठी रजिस्टरातून इंग्रजी यादी करायची आणि त्या यादीवरून पुन्हा मराठी दाखला छापायचा, या फेऱ्यात मोरे यांचे 'मोर' होतात. हसू येतं, पण वारसनोंदीच्या वेळी, जातीच्या दाखल्याच्या वेळी किंवा पेन्शनच्या वेळी त्याच माणसाला 'मी तोच आहे' हे सिद्ध करत फिरावं लागतं.

जमिनीच्या नोंदीत तर हे फारच गंभीर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणजे चूकसुद्धा खरी धरली जाते! ती दुरुस्त करायला कलम १५५ आहे, पण ते लेखनप्रमादापुरतं. 'काले'चं 'काळे' करणं हा लेखनप्रमाद. पण त्याच कलमाच्या आडून क्षेत्र बदललं किंवा एखादं नाव घुसवलं, तर ती दुरुस्ती राहत नाही. दोन्हींत फरक करायला एकच गोष्ट लागते. मूळ हस्तलिखित नोंद आणि दुरुस्तीचं लिहून ठेवलेलं कारण.

अवघड मराठी

काही जण म्हणतात, मग सगळं मराठीत करा, प्रश्न मिटला. मराठीत करायला हवंच. पण कोणत्या मराठीत?

आपल्याला कोशांची जुनी परंपरा आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. सुमारे १,४०० शब्दांचा. पुढे १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, नंतर शासन व्यवहार कोश आला. पदनाम कोशाची त्या वेळी 'बदनाम कोश' म्हणून टर उडवली गेली. पण आज आयुक्त, सचिव, संचालक हे शब्द आपण सहज वापरतो, ते परके वाटत नाहीत. वापरानं शब्द रुळतात.

पण त्याच वेळी हेही बघा. अर्ज, दाखला, दस्तऐवज, दप्तर, तहसील हे फारसी-अरबीतून आलेले शब्द इतक्या शतकांनंतरही ठणठणीत आहेत. कारण ते तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडात आहेत. शब्द कुठून आला यापेक्षा तो दोन्ही बाजूंना कळतो का, हे महत्त्वाचं. 'उपरोक्त विषयान्वये संदर्भाधीन पत्राच्या अनुषंगाने' हे वाक्य सगळं मराठीच आहे. पण खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईंना त्यातून काही कळत नसेल, तर त्यांच्यासाठी तेही परक्याच भाषेत आहे. अवघड मराठीमागे लपता येतं, जसं पूर्वी इंग्रजीमागे लपता येत असे.

कागद किती वर्षं जपायचा

आता तिसरं अंग. महाराष्ट्रात अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत. 'अ' म्हणजे कायम जपायचे. 'ब' म्हणजे ३० वर्षं. 'क' म्हणजे १० वर्षं, 'क-१' म्हणजे ५ वर्षं आणि 'ड' म्हणजे १ वर्ष. रोजच्या टेबलासाठी सहा गठ्ठा पद्धत आहे. हातातली प्रकरणं, कुणाच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायची, असे सहा गठ्ठे. ऐकायला रुक्ष वाटतं. पण नस्ती बंद करताना तिच्यावर 'अ' लिहायचं की 'ड', हा ठरवण्याचा क्षण म्हणजे पुढच्या पिढीला काय कळेल हे ठरवण्याचा क्षण आहे. ते काम आपण बहुतेक वेळा कार्यालयातल्या सगळ्यात नव्या माणसाकडे देतो.

२००५ हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवा. त्या वर्षी माहितीचा अधिकार आला. त्याच्या कलम ४ मध्ये पहिलंच कर्तव्य आहे अभिलेख नीट सूचीबद्ध ठेवण्याचं. त्याच कलमात माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करायला सांगितलंय. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे आपल्याकडे मराठीत. त्याच वर्षीचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे. अभिलेख बेकायदा नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि बदल्यांच्या कायद्यात, तोही २००५ चाच, एका कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं म्हटलंय.

तरीही माहिती मागितली की येणारं लाडकं उत्तर कोणतं? 'सदर नस्ती आढळून येत नाही.' दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितलं की माहिती न देण्याची कारणं कायद्यात दिलेली आहेत आणि 'सापडत नाही' हे त्यांत नाही. कागद एकदा सरकारकडे होता असं दिसत असेल तर कसून शोध घ्यायला हवा, जबाबदारी ठरवायला हवी.

कागद खरोखरच जातातही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यापासून वर पसरली, माणसं दगावली आणि कितीतरी नस्ती जळाल्या. ज्या प्रकरणांच्या प्रती जिल्ह्यांत होत्या ती पुन्हा उभी करता येतात. ज्यांच्या नव्हत्या ती गेली. आज प्रत्येक शासन निर्णयावर संकेतांक असतो, डिजिटल स्वाक्षरी असते, तो संकेतस्थळावर मिळतो. हे मोठंच काम झालं. फक्त लक्षात ठेवा, संकेतस्थळावर येतो तो आदेश. टिपणी आतच असते.

लिपी विसरली की

कागद आहे, जळलेला नाही, पण वाचता येत नाही. असंही होतं. मराठीचा जुना कारभार मोडी लिपीत. पुण्याच्या पुराभिलेखागारातला पेशवे दप्तराचा प्रचंड साठा मोडीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथली सरकारी भाषा उर्दू. म्हणजे एकाच राज्यातले आपले पूर्वजांचे कागद मोडीत, उर्दूत, फारसीत आणि इंग्रजीत.

हे इतिहासाच्या अभ्यासकांपुरतं आहे असं वाटत असेल तर २०२३ आठवा. सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्र, पाहणी पत्र, कोतवाल बुक, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं असं सगळं बाहेर निघालं. आरक्षणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, प्रशासनापुढचा प्रश्न अगदी साधा होता. हे वाचणार कोण? मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची गरज अचानक सगळ्यांना पडली. कोण्या एका कोतवालानं जन्माच्या नोंदीत सवयीनं लिहिलेला एक शब्द, आणि त्यावर आज एखाद्या मुलाच्या कॉलेजचा प्रवेश अवलंबून! त्या कोतवालाला हे माहीत नव्हतं. आपल्यालाही माहीत नसतं, आपण आज लिहितो ते कोणाला कधी लागेल.

शेजारच्या गोव्यात हेच पोर्तुगीज कागदांबाबत आहे. तिथे १९८७ च्या कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामासाठी जागा मिळाली, पण जुन्या मालमत्तेचे दस्त पोर्तुगीजमध्येच आहेत.

आणि आपण मोडीवाल्यांना नावं ठेवू नयेत. युनिकोड रुळण्याआधी आपण वीसेक वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये मराठी टाइप केलं. ती फाइल आज त्या फॉन्टशिवाय उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. शोधून सापडत नाही, वाचता येत नाही. मोडी निदान डोळ्यांना दिसते.

मग करायचं काय

मोठ्या सुधारणा बाजूला ठेवू. उद्या सकाळी कुठल्याही कार्यालयात करता येतील अशा चार गोष्टी सांगतो.

एक. टिपणीत कर्ता लिहा. 'तपासण्यात आले' ऐवजी 'मंडळ अधिकाऱ्यांनी अमुक तारखेला जागेवर जाऊन पाहिले'.

दोन. टिपणी इंग्रजीत झाली असेल तर निर्णय आणि कारण मराठीत त्याच टिपणीखाली लिहा आणि ज्यानं निर्णय घेतला त्याचीच त्यावर सही घ्या. भाषांतराची जबाबदारी टंकलेखकावर टाकू नका.

तीन. नावं आणि ठिकाणं मूळ मराठी नोंदीवरून उचला, इंग्रजी यादीवरून परत मराठीत आणू नका.

चार. नस्ती बंद करताना वर्गवारी निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतः करावी, आणि मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा.

यांपैकी एकालाही नवा कायदा लागत नाही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: इतका घोळ होतो तर इंग्रजी पूर्ण बंद का करू नये? कॅनडात तर दोन भाषा व्यवस्थित चालतात.

उत्तर: कॅनडात १९६९ पासून इंग्रजी आणि फ्रेंच या संघराज्याच्या समान दर्जाच्या भाषा आहेत. कायद्याचे दोन्ही पाठ सारखेच अधिकृत, आणि कोणत्या भाषेत सेवा घ्यायची ते नागरिक निवडतो. आपली रचना वेगळी आहे. आपल्याकडे नागरिकाची भाषा मराठी, पण घटनेमुळे आणि केंद्राशी असलेल्या व्यवहारामुळे वरच्या टोकाला इंग्रजी राहणार. ती बंद करता येणार नाही. पण तिची जागा ठरवता येईल. इंग्रजीतला विचार मराठीत उतरल्याशिवाय नागरिकापर्यंत निर्णय जाऊ नये, एवढा दंडक पुरेसा आहे. फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयानं सरकारी कार्यालयांत मराठीत बोलणं सक्तीचं केलं. चांगलंच आहे. पण बोललेलं विरून जातं, माणूस घरी नेतो तो कागद. तो मराठीत आणि समजेल असा असावा.

प्रश्न: मी कनिष्ठ कर्मचारी आहे. वरिष्ठांना 'लेखी द्या' म्हटलं तर माझी बदली होईल. मग काय करू?

उत्तर: भीती खरी आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही. पण मागण्याच्या रीती असतात. 'आपण आज दुपारी दिलेल्या सूचनेनुसार पुढीलप्रमाणे कार्यवाही प्रस्तावित आहे, मान्यतेस्तव सादर' असं लिहून नस्ती वर पाठवा. यात तक्रार नाही, आव्हान नाही. सूचना खरी असेल तर सही येईल. सही करायला कोणी कचरत असेल, तर ती सूचना कशी होती ते तुम्हालाही कळलं आणि नस्तीलाही कळलं.

आणि बदलीचं म्हणाल, तर २००५ च्या त्याच बदल्यांच्या कायद्यात साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. मुदतीआधी किंवा अवेळी बदली करायची तर लेखी कारण आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. कारण नोंदवलेलं नाही म्हणून बदल्या रद्द झाल्याची उदाहरणं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात आहेत. म्हणजे बघा, नागरिकाच्या वतीनं तुम्ही ज्या लेखी कारणाचा आग्रह धरता, तेच उद्या तुमच्याही उपयोगी पडतं. त्या न्यायाधिकरणात तुमच्या बाजूनं बोलायला साहेब येणार नाहीत आणि सहकारीही येतीलच असं नाही. तुमची टिपणी तेवढी येईल. म्हणून ती नीट लिहा.